कोहेनला नोट चालत नाही

११ मे २०२०, गिरावीन
पार्सल अजून नाही! चांदीची पाच नाणी मागवून तीन आठवडे झाले. पुढच्या बुधवारी बाळाचा एकतिसावा दिवस. पहिला मुलगा देवाचा, तो त्या दिवशी कोहेनला, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या माणसाला, चांदी देऊन सोडवून घ्यायचा. आम्हा बेने इस्राएलींत, मराठी ज्यूंत, कोहेन नाहीतच. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाँडायला एक मिळाला — तर चांदी अडकली! अशेर म्हणतो, "कॅश देऊ की." नवरा आहे की एटीएम!

१३ मे
कोहेनचा फोन. "सॉरी मेट, नोटा नाही चालणार." शास्त्राप्रमाणे नोट म्हणजे नुसता दिलेला शब्द. कागदाची काय नि इथली प्लास्टिकची काय, तिला स्वतःचं मोल नाही. चांदीचा दागिना चालेल म्हणे.

म्हणजे माझे पैंजण. आईने लग्नात दिलेले. देईन, पण जिवावर आलंय.

सासूबाई ठाण्याहून व्हिडिओवर — "सांभाळ गं ते! माझे त्या कामवाल्या हौसाने लांबवले, अशेर महिन्याचा होता तेव्हा. हाकललीच तिला. तान्हं पोर काखेत घेऊन रडत गेली, पण कबूल म्हणून झाली नाही." वर म्हणे, "आणि पैंजण कशाला? अशेरला त्याच्या बाबांनी शंभराच्या नोटेवर सोडवला होता!"

अशेरचा चेहरा पांढराफटक.

१४ मे
कोहेनला विचारलं. नोटच दिली असेल, तर अशेर अजून सुटलेलाच नाही! आणि बापाने आधी स्वतःला सोडवायचं, मग मुलाला. पैंजण किचनच्या काट्यावर ठेवले. जेमतेम पाच नाण्यांच्या वजनाचे भरले, एकाचंच भागेल. अशेर म्हणतो, "बाळ आधी." कोहेन म्हणतो, "आधी तू."

१७ मे
अशेर जेवत नाही. "अडतीस वर्षं मी नक्की कोणाचा होतो?" — हे एकच. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आधी नॅपी बदल, मग ठरव! ओरडल्यावर मलाच रडू आलं.

बाबांना तीनदा फोन केला. नोटेचा विषय काढला की त्यांचं नेट जातं.

१९ मे
पार्सल नाही. उद्या बाळ की बाप?

२० मे
सकाळी बाबांचा फोन. जिन्यात उभे राहून कुजबुजत होते. "अशेर, तेव्हा बाहेरून आणलेल्या कोहेननेही नोट परतच केली होती रे. मग मी तुझ्या आईचे पैंजण दिले. तिने घर डोक्यावर घेतलं असतं... म्हणून नोटच सांगितली."

अशेर ढसाढसा रडला. सुटलेलाच होता माझा नवरा!

दुपारी कोहेन आला. दीड मीटर लांब, बॅकयार्डात. "मुलगा हवा की चांदी?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं. "मुलगा!" अशेर केवढ्याने ओरडला! माझे पैंजण गेले, बाळ आमचं झालं. स्क्रीनवर सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

२१ मे
आज मीच बाबांना फोन लावला. विचारलं, "मग हौसाला का जाऊ दिलंत?"

नेट गेलं.