दोरीला बांधलेलं पोहणं

बेस्ट, नेदरलँड्स, मंगळवार संध्याकाळ, एप्रिल २०२०

आयला आजही मागच्या अंगणात फुगवायच्या हौदात पोहली, कमरेला रबरी दोरी बांधून. दोरीचं दुसरं टोक सायकलच्या शेडच्या खांबाला. स्कॉटलंडकडून देशोदेशी पोहलेली माझी सून तासभर हात मारते आणि तिथल्या तिथेच! तलाव बंद, स्पर्धा वर्षभर पुढे. स्टॉपवॉच माझ्याकडे.

निखिल मीटिंग संपवून कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. ती दोरी बघून हसला. "पुढच्या वर्षी तू तिशीची होशील, आयला. पुरे आता. आई, तूच सांग हिला."

आणि मी सांगितलं! "तो चुकीचं बोलत नाही, बाळ." इतक्या सफाईदार इंग्रजीत, की शाळेतल्या नन्सनी पाठ थोपटली असती. मी, जिने निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुणाच्या बापाचं ऐकलं नाही! का बोलले? विमानं बंद, लेकाच्या घरात अडकलेय, म्हणून त्याची मर्जी राखली? शी.

निळ्या ओठांनी तिने दोरी सोडली आणि आत गेली.

जेवणं झाल्यावर तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "मी मूर्खासारखं बोलले. तू सोडायचं नाहीस."

"निखिल रोजच म्हणतो, आई. तुम्ही कधी म्हणाला नव्हतात." लॅपटॉप उघडाच होता. "मी निवृत्तीची मेल पाठवली."

"परत घे ना ती. आत्ता लिही त्यांना."

"प्रशिक्षकांचं उत्तरही आलं," ती म्हणाली. "आभार मानलेत."