वंदनाताईंच्या कॅसेटी

२९ सप्टेंबर ९४, गुरु.
अविधवा नवमी. लग्नाला अकरा वर्षं झाली, दरवर्षी विचारते, आजही विचारलं, "वंदनाताईंच्या नावानं सवाष्ण जेवायला घालू का?" हे पेपरातून मान वर न करता, "नको." मी सवतीचं करायला तयार, आणि नवराच नको म्हणतो! या वेळी सोडलं नाही. शेवटी बोलले. तिला जाळलेलंच नाही. आजारपणात भावाकडे अमेरिकेला नेलेली, तिथंच गेली, आणि भावानं गोठवून ठेवली. ह्यांच्या सहीनं. पुढेमागे उठवतील म्हणून.
बिजवराशी लग्न केलं असं समजत होते मी.

३० सप्टें.
शाळेत लक्ष नाही. चौथी ब च्या वह्यांवर दोन-दोनदा सह्या. एकोणतिसाव्या वर्षी गेली ती. तशीच आहे म्हणे. सकाळी आरशात केस बघितले. नकोच.

८ ऑक्टो., शनि.
तिचा अमेरिकेतला भाऊ अनिल आला, सुट्टीवर. कॉम्प्युटरवाला. मला "ताई" म्हणाला. कसली ताई! म्हणे शरीर उठवणं कठीण, पण डोक्यातलं सगळं एक दिवस कॉम्प्युटरमध्ये उतरवतील. तिथं तिला घर असेल, खिडकी, ऊन, सगळं खरंच वाटणारं. "भाऊजी, आठवेल ते बोलून ठेवा. घर त्यावरूनच बांधायचं." कोऱ्या कॅसेटी ठेवून पुण्याला गेला.

९ ऑक्टो., रवि.
हे दार लोटून बोलतायत. मी बाहेर तांदूळ निवडत. त्यांच्या नौपाड्याच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर, चहात आलं जास्त, तिची मोरपंखी साडी. मोरपंखी! परवा मी नवी साडी नेसून पुढ्यात उभी, तर म्हणे, "छत्री घेतलीस का?"

१६ ऑक्टो.
पाच कॅसेटी भरल्या. चेहरा कसा टवटवीत. भांडले. "ती उठली तर तुम्ही कुणाचे?"
"अगं, तेव्हा आपण असू कुठे?"
हे काय उत्तर झालं?

२० ऑक्टो., गुरु.
अर्धी रजा टाकून घरी. सहावी कॅसेट लावली. ह्यांचा आवाज : "कल्याणला दुपारचं नाटक बघून निघालो, रिक्षा मिळेना. तू चपला हातात घेऊन स्टेशनपर्यंत चाललीस, आणि वाटेत शिट्टी वाजवलीस. लोक वळून बघत होते."
ती मी. शिट्टी मला येते. बाबांनी शिकवलेली.
पुन्हा लावली. मीच.
माझी संध्याकाळ उचलून तिच्या घरात ठेवली ह्यांनी.

२१ ऑक्टो.
सरळ विचारलं. "वंदनाताईंना शिट्टी यायची?"
"यायची ना... नाही, थांब." पेपराची घडी घातली. "सुलू, मला आता नक्की सांगता येत नाही गं. तुम्ही दोघी..."
राग आलाच. पण ह्यांचे डोळे भरलेले, तेव्हा हसूही आलं, मेलं.

२३ ऑक्टो., रवि.
अनिल आज घ्यायला येणार. सहावी माझ्या कपाटात. म्हटलं, पुसून टाकणार. हे म्हणाले, "पुसू नको. तूच सांग तिला, त्या संध्याकाळी कोण होतं ते." टेप माझ्यापुढे ठेवला आणि पिशवी घेऊन भाजीला गेले.
बटण दाबलं. "वंदनाताई, मी सुलभा. ती नाटकाची संध्याकाळ..." इतकंच जमलं. ती ऐकतेय असं डोळ्यांपुढे आलं. नव्या घरात, एकटी, कुणाची कोण ते न कळलेली. बंद केलं.
माझी आहे असं सांगू? की राहू दे म्हणू?
पुन्हा दाबलं. पुन्हा बंद.
पाच वाजलेत. अनिल साडेसहाला येतो. कॅसेटची एक बाजू अजून कोरी आहे.