लेसर काढल्यावर

प्रिय चिऊ,

त्या शनिवारी स्पर्धेआधीच्या बैठकीत तू तुझ्या शाळेच्या वतीने उभी राहिलीस आणि माझ्याच टीमच्या रोबोवर हरकत घेतलीस, तेव्हा शेजारी बसलेले मास्तर माझ्या कानात कुजबुजले, "कोण हो ही आगाऊ बाई?" मी म्हटलं, "माझी मुलगी." त्यांचा चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना. तुला वाटलं, मी तुझ्या मुद्द्यालाच हसलो. म्हणून तर आम्हाला ट्रॉफी मिळाल्यावर "अभिनंदन, सर" एवढंच बोलून निघून गेलीस ना? सर! आईला सांगितलं, तर ती म्हणते, "बरं झालं."

महागडा लेसर सेन्सर सगळ्या शाळांना परवडत नाही, ही तुझी हरकत फेटाळली गेली, कारण त्याला नियमात बंदी नव्हतीच. आमच्या रोबोला चक्रव्यूहाची भिंत लांबूनच दिसायची, तुमच्याला धडकल्यावर कळायची. तरी तो दुसरा आला! मी मात्र नियम, नियम करत घरी आलो.

सोमवारी शाळेच्या वर्कशॉपमध्ये गेलो तर माझ्या टीमच्या मुली रोबो उघडून बसलेल्या. कॅप्टन म्हणाली, "सर, लेसर नसता तर आपण जिंकलो असतो का?" तिने लेसर काढला, तुमच्यासारखी धडकल्यावर दाबली जाणारी साधी बटणं बसवली आणि रोबो चक्रव्यूहात सोडला. अगं, काय सांगू! भिंतीवर आपटला, गिरकी घेतली, पुन्हा त्याच भिंतीवर आपटला, आणि शेवटी ज्या दारातून आत शिरला त्याच दारातून ऐटीत बाहेर आला. पोरी हसून हसून लोळल्या. मीही टेबल धरूनच उभा होतो. हसू ओसरल्यावर कॅप्टन म्हणाली, "पण त्यांनी हे जमवलं कसं?" तेव्हापासून आम्ही डोकं खाजवतोय. अजून जमलेलं नाही, पण एवढी मजा जिंकतानाही आली नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. काल आयोजकांची बैठक झाली. तुझी हरकत मी जशीच्या तशी मांडली, तुझ्या नावानिशी. बरंच वाजलं, पण ठरलं: पुढच्या वर्षापासून सगळ्या टीमना आयोजकांकडून सुट्या भागांची सारखीच पेटी, बाहेरचा एकही सेन्सर चालणार नाही. फोनवर सांगायला गेलो असतो तर माझा आवाज कापरा झाला असता आणि तू जन्मभर चिडवलं असतंस. येत्या रविवारी तुझ्या पोरांना घेऊन वर्कशॉपमध्ये ये. माझ्या मुलींना तुमची युक्ती शिकायची आहे. मलाही. मी मागच्या बाकावर बसेन, गडबड करणार नाही.

तुझाच,
बाबा