आकृती तीनची दोन पाने

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
स्वामित्वहक्क कक्ष, मध्यवर्ती कार्यालय

विषय : नवजात बालकाच्या श्वासाविषयीच्या पुस्तकातील प्रकरणाला आपण दिलेली मंजुरी रद्द करून नव्याने देण्याबाबत.
संदर्भ : आपली तीन पत्रे, पहिली दोन नामंजुरीची, तिसरे मंजुरीचे.

महोदय,

मिळालेली मंजुरी रद्द करा म्हणणारा अर्जदार आपल्याकडे बहुधा पहिल्यांदाच येत असेल. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा. परीक्षा गुरुवारी आहे.

१. मी परिचर्या महाविद्यालयात सव्वीस वर्षे सहायक ग्रंथपाल आहे. दूर राहून शिकणाऱ्या अठ्ठेचाळीस विद्यार्थिनींसाठी पुस्तकातले प्रकरण संगणकावर ठेवायचे, तर आपली परवानगी लागते. पुस्तकाच्या एक दशांशाहून जास्त पाने चालत नाहीत, आणि नावाचे व हक्कनोंदीचे अशी दोन पाने सोबत लागतातच. आमचे पुस्तक एकशे चाळीस पानांचे, प्रकरण नेमके चौदा पानांचे. ती दोन पाने नाहीत म्हणून आपण पहिला प्रस्ताव परत केला. ती जोडल्यावर सोळा झाली म्हणून दुसरा परत केला. इकडे आड, तिकडे विहीर!

२. तिसऱ्या खेपेला मी अतिशहाणपणा केला. प्रकरणातलीच दोन पाने गाळली. मजकुराला हात लावणे जिवावर आले, म्हणून नुसती चित्रे असलेली पाने काढली. जन्म अक्षरांत गेलेल्या माणसाला चित्र म्हणजे शोभेची वस्तू वाटते. आपली मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली आणि मी आनंदाने सगळ्या कार्यालयाला चहा पाजला.

३. परवा एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती लांबच्या दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत आयाचे काम करून शिकते. परीक्षेची ही तिची तिसरी आणि शेवटची संधी आहे. म्हणाली, "सर, इथं सारखं लिहिलंय, आकृती तीन पाहा. ती आहे कुठं?" जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याची मान किती मागे न्यायची, हे त्या आकृतीत आहे. जास्त गेली तरी श्वासाची वाट बंद होते, कमी गेली तरी बंद होते. मी गाळलेली पाने तीच होती.

४. पोस्टाने पुस्तक पोहोचायला पाच दिवस लागतात, आणि प्रत एकच आहे. गाळलेली पाने फोटो काढूनही पाठवणार नाही, असे हमीपत्र आपण मंजुरीसोबत माझ्याकडून लिहून घेतले आहे. म्हणून मी चित्र तोंडी सांगायला बसलो. नातीची बाहुली टेबलावर निजवली. तिची मान हलतच नाही. मग टॉवेलची गुंडाळी करून तिलाच बाळ मानले. "थोडी मागे, अगदी थोडी, फुलाचा वास घेताना असते तशी," असे अर्धा तास सांगितले. ती मन लावून ऐकत होती. मला घाम फुटला होता.

५. आज सकाळी तिचा पुन्हा फोन आला. आवाजात आनंद होता. "सर, उशीवर दिवसभर सराव केला. तुम्ही सांगितलंत तशी मान पार मागं टेकवते." महोदय, मी 'पार' म्हटले नव्हते. पण तिने तेच ऐकले आणि हातात बसवून घेतले. परीक्षा गुरुवारी असली, तरी त्या खोलीत बाळे रोज जन्मतात. फोन ठेवताच मी दोन्ही पानांचे फोटो काढून तिला पाठवले. "बरं झालं दाखवलंत," एवढेच तिने कळवले. हमीपत्र मोडल्याची ही लेखी कबुली समजावी. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या, मला तिचे काही वाटत नाही.

६. विनंती एवढीच, की नावाचे व हक्कनोंदीचे पान मोजणीतून वगळावे आणि सबंध प्रकरण आजच खुले करावे. कारण फोन एकीनेच केला. उरलेल्या सत्तेचाळीस जणींनी मान किती मागे न्यायची ते आपापल्या मनाने ठरवले असेल.

फोनजवळ बसून असलेला,
सहायक ग्रंथपाल
(सही)
मंगळवार, सकाळी अकरा

सोबत :
१) हमीपत्राची प्रत
२) आकृती तीनची दोन पाने. आपणही एकदा पाहावीत.