तळातली कॉलनी

११ नोव्हेंबर
आलो एकदाचे! ट्रकमधून शेवटचं कपाट उतरेपर्यंत बाबांनी अख्खी कॉलनी पालथी घातली होती. जन्मभर दारोदार पत्रं वाटलेला माणूस, पायाला भिंगरी. परतले ते शेजारच्या काकू, समोरचा वायरमन, कोपऱ्यावरचे शिंपीदादा अशा सगळ्यांशी ओळखी करूनच. म्हणाले, पाणी भारीच गढूळ आहे गं, तुझ्या नोकरीला मरण नाही. खरंच आहे. नदी माती घेऊन येते, धरणापाशी पाणी थांबलं की माती तळाला बसते. बसत बसत वीजगृहाच्या तोंडाशी पोचली, की टर्बाइनची पाती खरवडून निघतात. तो गाळ मोजायचा आणि उपसायचा, हे माझं काम. घर दोन खोल्यांचं. जलाशय दिसतो म्हणून खिडकीची खोली बाबांनी पटकावली. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर
बोटीवरून पहिली मोजणी. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर तळाचा आकार रेघेरेघेने उमटतो. गाळ नेहमी दुलईसारखा पसरलेला असतो. कुठे सुरकुती, कुठे फुगवटा. आज काटकोन उमटले. मधे रस्ता, दोन्हीकडे घरं. इथे गाव बुडालंय का, असं नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, नाही ताई, इथे नुसता खडक होता. आणि असतं गाव, तरी गाळाखाली असतं, गाळाचं कसं असेल? मग त्याने उगाचच इंजिनाचा आवाज वाढवला.
संध्याकाळी दारात उभी राहिले आणि ओळख पटली. पाण्याची टाकी, वळणाचा रस्ता, शिंपीदादांची शेड. तळाशी आमचीच कॉलनी आहे. काही घरं जोत्यापर्यंतच आलीत. शेड मात्र छपरासकट पुरी झाली आहे.

१९ नोव्हेंबर
काकू सांगत आल्या, शिंपीदादा मशीनपुढून उठतच नाहीत. मी आणि वायरमन गेलो. दादा हसले, म्हणाले, बसलोय, बरं वाटतंय. वायरमनने विचारलं, इस्त्री गिळली काय हो? काखेत हात घालून आम्ही दोघांनी उचलून पाहिलं. तसूभरही हलले नाहीत. त्यांच्या पायांभोवती मऊ, ओली, करडी माती होती.
साहेबांना नकाशा दाखवला. ते म्हणाले, मॅडम, आकार कसले बघताय, गाळाची उंची बघा, वीज बंद पडते ती उंचीमुळे.

२४ नोव्हेंबर
बाबा आज फिरायला गेले नाहीत. म्हणाले, रोज तेच तेच काय बघायचं?
दुपारी तळातल्या आमच्या घरावरून बोट नेली. भिंती उभ्या राहिल्यात. खिडकीच्या खोलीत एक उंचवटा आहे, खुर्चीएवढा.

२७ नोव्हेंबर
बाबांना उठवता येत नाही. माझी थट्टा करतात – लहानपणी भर बाजारात फतकल मारून बसायचीस, तेव्हा मी उचललंच ना? आता तुझी पाळी. मी हसले. सगळं बळ लावलं. खुर्चीच्या पायाखाली फरशी तडकली.
पायांचे पंजे धुतले त्यांचे. पुसेपर्यंत बोटांच्या बेचक्यांत माती पुन्हा आली.

२८ नोव्हेंबर
साहेबांना गाळ उपसणाऱ्या ड्रेजरची चाचणी घेते म्हणून सांगितलं. पाइप सोडला तो नेमका आमच्या घरावर. फक्त आमच्याच. खिडकीची खोली तळापर्यंत खरवडून घेतली. नावाड्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.
घरी आले तर बाबा दारात! चहा टाकून माझी वाट बघत होते. म्हणाले, कुठे होतीस, पाय शिवशिवतायत माझे. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. उद्या सकाळच्या बसने त्यांना मावशीकडे पोचवते.

२९ नोव्हेंबर
बस चुकली. आम्ही निघणार तेवढ्यात काकू आल्या. कधी नव्हे त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि बाबांच्या पलंगावर टेकल्या, त्यांनाही हाताला धरून बसवत. मागोमाग वायरमन. एकही विनोद नाही. बाबा म्हणाले, बसू दे गं, माणसं आली की बरं वाटतं.
काकूंची मूठ त्यांच्या मनगटावरून सुटत नाही. मी एकेक बोट उकलून पाहिलं.

३० नोव्हेंबर
मोजलं. मी उपसलेला खड्डा तिथे नाहीच.
नवीन पोरांना शिकवताना माझं पहिलं वाक्य हेच असतं – मऊ गाळात खड्डा टिकत नाही, चहूबाजूंचा गाळ त्यात घसरतो. मीच शिकवते. आणि मीच—
काकूंचं घर आमच्याकडे कललंय. वायरमनचंही. शेड अर्धी घसरलीय. सगळ्या तळाला उतार आमच्या घराकडे.

१ डिसेंबर
शिंपीदादा आले. चालत नाही, बसल्या बसल्या घसरत.
त्यांच्यामागे टाकीवाला, त्याची बायको, रस्ता झाडणाऱ्या बाई. आत जागा नाही, तरी बसतायत. एकमेकांच्या मांडीवर, खांद्यावर. कुणी रागावलेलं नाही. मलाही म्हणतात, बस ना, दमली असशील.
साहेबसुद्धा रांगेत—
बाबा सगळ्यांच्या खाली आहेत. हाक मारली की ओ देतात. अजून देतात.

२ डिसेंबर
त्यांचा हात सापडला. कोपरापर्यंत. धरलाय. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर—
ओ येत नाही. बोटं दाबतात मात्र. मी दाबलं की ते दाबतात.
ओढते. थोडे वर येतात, खरंच येतात, खांदा दिसला – पण ओढलं की तेवढी जागा रिकामी होते, आणि लगेच कुणीतरी तिथे—
काकू म्हणतात, सरक गं जरा, मागे अजून माणसं