एका दिव्याखालची जागा

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता तर तू "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलला असतास आणि मलाही ते सोयीचं पडलं असतं. शिवाय आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवरच असतो. तू राहिलेल्या दोन पेपरांचा फॉर्म भरलास, औषधशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी आहे, परीक्षेला चाळीस दिवस उरलेत, हे सगळं मला कळलंय. कुणाकडून, ते शेवटी सांगते. आधी माझे प्रताप ऐक.

इथे वसतिगृहात मला मीटरबाई म्हणतात. दारातच एक मोठा फलक आहे. कोणत्या मजल्याने किती वीज जाळली ते रोज त्यावर झळकतं आणि सगळ्यात कमी जाळणाऱ्या मजल्याचं कौतुक होतं. आमच्या मजल्याची प्रमुख मी. कुणी नेमलं नाही, मीच पुढे पुढे केलं. दिसेल ते बटण बंद करत हिंडते. नाना देशांच्या मुली आहेत, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी हीटरही लावते आणि खिडकीही उघडते, कारण बंद खोलीत झोपलं की माणूस आजारी पडतं असं तिच्या घरी मानतात. समोरची बाहेर जाताना दिवा चालू ठेवून जाते, अंधाऱ्या खोलीत परतायला तिला नको वाटतं. आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहते ती चार्जरवाली. तिच्या गावी वीज दिवसातून चार तास येते आणि कधी येईल याचा नेम नाही. म्हणून भिंतीत भोक दिसलं की ही त्यात काहीतरी खुपसून ठेवते. इथे वीज जात नाही हे दोन वर्षांत तिच्या डोक्याला पटलंय, हाताला पटत नाही. तिला मी एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. नाकाने कांदे सोलायला मला शिकवावं लागत नाही, तुला ठाऊकच आहे.

गेल्या सत्रात बचत सप्ताह झाला. प्रत्येकीने आपल्या घरची वीज वाचवण्याची रीत सांगायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, आमच्या घरी एक खोली, एक दिवा. तिन्हीसांजा झाल्या की सगळं घर त्या दिव्याखाली जमतं, कुणी वाचतं, कुणी शिवतं, कुणी गप्पा मारतं, ही आमची संस्कृती आहे. सभागृह गहिवरलं गं. संस्कृती! दादाच्या पगारात दुसरा दिवा परवडत नव्हता, त्याला मी संस्कृती म्हणून आले. पुढे परवडायला लागला तेव्हाही आईचा नियम सुटला नाही. तो माझ्या फायद्याचा होता, म्हणून मीही मूग गिळून बसले.

मग त्यांनी फोटो मागितला. दादाने नवा फोन आणला होता त्या दिवशीचा माझ्याकडे होता, तो दिला. टेबल, वर दिवा, आई, दादा आणि मधे मी, तिघंही हसतोय. त्याचं मोठं पोस्टर छापलं, खाली लिहिलं 'एका दिव्याखाली एक घर'. आता दर गुरुवारी संध्याकाळी सगळा मजला खालच्या हॉलमध्ये एका दिव्याखाली बसतो. निम्म्याजणी दिसत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च लावतात, तो भाग वेगळा. पोस्टरची एक प्रत मी घरी पाठवली. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला घरच्यांचे हातही लागतात ना.

महिन्याभरापूर्वी चार्जरवाली त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, आमच्याकडेही एकच दिवा असायचा, पण त्याखाली सगळे कधी मावले नाहीत. मग तिने विचारलं, हा फोटो कुणी काढला? आणि वहिनी, मी काय सांगितलं ऐक. मी म्हणाले, शेजारणीने. विचार करायलाही थांबले नाही. तूच पलीकडून "हसा की, घरात कुणी रागावलंय का" म्हणाली होतीस म्हणून आम्ही त्या फोटोत हसतोय, आणि तुलाच मी शेजारीण करून टाकलं. तिला कळलं असावं. त्यानंतर मी तिच्या खोलीतलं एकही बटण बंद केलेलं नाही.

तेव्हापासून तो जिना डोळ्यांपुढून हलत नाही. टेबलाला एकच खुर्ची होती आणि तिच्यात मी. तू काज-बटणांसाठी आलेले काळे कोट घेऊन जिन्यात बसायचीस, खालून तिसऱ्या पायरीवर, कारण जिन्यातला दिवा सगळ्या इमारतीचा. काळ्या कापडावर काळा दोरा. येणारे-जाणारे तुला ओलांडून जायचे आणि तू दर वेळी पाय आखडून घ्यायचीस. पहिले काही महिने कोटाखाली तुझं पुस्तक असायचं. मी पाहिलं होतं. आईला सांगितलं नाही याचंच मला तेव्हा केवढं कौतुक!

आणि ती संध्याकाळ. जिन्यातला दिवा गेला होता. तू पुस्तक घेऊन आत आलीस आणि टेबलाच्या कोपऱ्याशी उभी राहिलीस. बसलीही नाहीस गं, नुसती उभी राहून वाचत होतीस. मी वर न बघता म्हणाले, "वहिनी, तुझी सावली पडते." आईने लगेच तुला आत काहीतरी काम सांगितलं. तू पुस्तक मिटलंस, ते मी त्यानंतर उघडलेलं पाहिलं नाही. मी चौदा वर्षांची होते, लहान होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण सावली कुणाची पडते हे कळण्याइतकी मोठी होते. माझ्या वहीवर तुझी पडली ती घटकाभर. माझी तुझ्यावर अकरा वर्षं पडून राहिली. माफी मागत नाही, कारण तू लगेच देऊन टाकशील आणि मी पुन्हा मोकळी होईन.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारी दादाचा फोन आला होता. म्हणाला, हिने परीक्षेचं खूळ घेतलंय, बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज येतो म्हणून स्वयंपाकघरात वेगळा दिवा लावून बसते. मागून आईचा आवाज आला, अख्ख्या जगाने नावाजलेला आपला एक दिवा, पोस्टर लागलंय भिंतीवर, आणि हिला दुसरा हवा! तर मी तुला चार शब्द समजावून लिहावेत, तू माझं ऐकतेस, असं दादाचं म्हणणं. माझंच थापेबाज पोस्टर खिळ्यावर टांगून ते तुझा दिवा बंद करतात, हे ऐकून मला माझीच शिसारी आली. सोमवारी मी वॉर्डनबाईंना खरं सांगितलं आणि पोस्टर काढा म्हणाले. त्या म्हणाल्या, अगं खरं नसेना का, वीज तर खरीच वाचली! इथलं पोस्टर काही उतरलं नाही. मग मी पेनाने फोटोखाली लिहून आले, 'फोटो माझ्या वहिनीने काढला. ती जिन्यात बसायची.' कुणी पुसलं तर पुन्हा लिहीन. तिथलं मात्र तू उतरव, आईच्या देखत उतरव, आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. दादाने सांगितलंय म्हणून समजावणीचे चार शब्दही लिहिते. दिवा लाव, अभ्यासाला बस.

तुझीच,
खुर्ची अडवून बसलेली नणंद