आईने धुतलेली खापरं

८ जानेवारी १९८४, रविवार
पाय गेले कामातून. बोरिवलीला खाडीकडच्या प्लॉटवर बिल्डरने पाया खणलाय, त्या खड्ड्याच्या भिंतीत मातीचे पाच थर सरळ दिसतात. मी आणि वर्गातली नलू दिवसभर एकेका थरातून खापरं काढत होतो. प्रत्येक थराची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी. मुकादम म्हणाला, "बाई, सोनं मिळालं तर अर्धं आमचं हां!" सगळ्यात खालच्या थरात एक काळं चकचकीत खापर. "दोन हजार वर्षांपूर्वीचं असणार!" नलू तिथेच नाचली. मी मातीत बसून घेतलं.

१० जाने.
खापरांचा प्रकल्प चांगला झाला तर कॉलेजातले सर पुण्याला एम.ए.साठी शब्द टाकणार. आण्णांना सांगितलं. गिरणी बंद पडल्यापासून ते बोलतातच कमी. "सर शब्द टाकत असतील तर जा. नाहीतर परीक्षा झाली की टायपिंग, नि नोकरी." एवढं बोलले, खूप झालं.
भूगोलाच्या प्रॅक्टिकलला समोच्चरेषा काढता काढता डुलकी. नकाशावर शाईचा डाग.

१३ जाने., भोगी
वाट लागली.
शिकवण्या करून घरी आले तर गॅलरीत सुपात सगळी खापरं वाळत घातलेली. एकत्र! आईने सणाची साफसफाई करताना पाचही पिशव्या एका बादलीत ओतून खापरं काथ्याने घासलीन्.
"आणि चिठ्ठ्या?"
"ते कागद भिजले, टाकलंय. माका काय म्हायत गो? तू दमतंस म्हणान धुतलंय."
ओरडले. खूप ओरडले. कुठल्या थरातलं कुठलं, तेच गेलं. आता ती नुसती फुटकी मडकी. भोगीची भाजी कोणी धड खाल्ली नाही.

१४, संक्रांत
नलू: "अंदाजाने पाच ढीग कर ना यार. सर काय खड्ड्यात उतरून बघणारेत?" केले ढीग. काळं सगळ्यात खालचं, ते आठवतं. बाकीचं? मोडले परत.
हळदीकुंकवाच्या बायकांशी आई हसून बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिची दया येते. रागही जात नाही.

१६
सरांना सांगून टाकलं. चष्मा पुसत म्हणाले, "थर माहीत नाही तर खापर मुकं, हे तुला मी काय सांगू." मग, "खड्डा आहे का अजून?"
संध्याकाळी गेले. तीन बाजूंना काँक्रीट पडलंय, एक कोपरा उघडा. येत्या सोमवारी तोही भरणार. नलू लग्नाला नागपूरला चाललीय. एकटीने पाच थर? अंगात त्राण नाही. येऊन आडवी झाले.

२१, शनिवार
कणकण वाटतेय. उद्या जायचं की नाही, ठरत नाही. आण्णा टायपिंग क्लासची वेळ विचारून आलेत.
आई भांडी आटपून शेजारी येऊन बसली. भोगीनंतर आज पहिल्यांदा नीट बोलली.
"उद्या माका घेवन चल. तू दाखय, मी उचलतंय."
मी पांघरूण ओढून घेतलं.
"धुवूचंय नाय गो."
आता ती जुन्या परकराच्या पाच पिशव्या शिवतेय. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा, कागद भिजतो म्हणून. सगळ्यात खालचा थर कुठला, विचारलंन्. त्या पिशवीला काळा घातलान्.